पंधरा दिवसांची तपासणी : वेण्णा खोऱ्यातील दहा सातेरी पेट्यांचा एक हिवाळा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या भाच्याचा सकाळीच फोन आला. “आत्या, दोन पेट्या मोकळ्या पडल्यात. आत मेलेली माशी एकसुद्धा नाही. थंडीनं मेल्या म्हणावं तर मेलेल्या कुठं गेल्या?” त्याचा हा प्रश्न अगदी नेमका होता. पुढे जे निदान झाले त्याचा निम्मा भाग या प्रश्नातच होता, म्हणून मी हे प्रकरण त्याच्या त्या वाक्यापासून सुरू करते आहे.

माझा भाऊ मेढ्याच्या वरच्या अंगाला, वेण्णा नदीच्या खोऱ्यात शेती करतो. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हापासून भाच्याच्या मनात मधमाश्यांनी घर केले. त्याने रीतसर प्रशिक्षण घेतले आणि दोन वर्षांत आठ चौकटींच्या (माश्या पोळी बांधतात त्या लाकडी चौकटी) दहा पेट्या उभ्या केल्या. माश्या सातेरी, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानातल्याच. सहा पेट्या घरामागच्या उतारावर बांधाच्या कडेने होत्या. उरलेल्या चार त्याने नोव्हेंबरमध्ये खाली ओढ्यालगतच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांजवळ नेल्या होत्या, कारण माश्या फिरल्या की स्ट्रॉबेरीचे फळ वेडेवाकडे न राहता भरून येते. मोकळ्या पडलेल्या दोन्ही पेट्या या चारांपैकी होत्या.

मी वाईला राहते आणि बऱ्याच वर्षांपासून पेट्या सांभाळते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघाले खरी, पण भाच्याला आधीच बजावले होते की दुपारी बारा वाजेपर्यंत एकाही पेटीला हात लावायचा नाही. खोऱ्यात नऊ-साडेनऊपर्यंत धुके हटत नाही, आणि ऊन पेटीच्या पाठीवर चांगले तापल्याशिवाय झाकण उघडले तर पिल्लांच्या पोळ्यावर गार हवा जाते. पिल्लांना ३४ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि एकदा गेलेली ऊब पुन्हा निर्माण करण्यासाठी माश्यांना साठ्यातलाच मध जाळावा लागतो.

रिकाम्या पेट्या आम्ही आधी पाहिल्या. उपाशी मेलेली वसाहत ओळखायला सोपी असते, कारण माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोके खुपसून मेलेल्या आढळतात आणि तळपाटावर त्यांचा खच पडलेला असतो. थाई सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग असेल तर कोष होण्याआधीची अळी पाणी भरलेल्या पिशवीसारखी होऊन घरातच मरते आणि तिचे टोक वर आलेले दिसते. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहती या रोगाने मोठ्या प्रमाणावर संपल्या, त्यामुळे रिकामी पेटी पाहिली की माझ्या मनात पहिली भीती त्याचीच येते. इथे मात्र दोन्हींपैकी काहीच नव्हते. पोळी कोरडी आणि स्वच्छ होती. मधाचा थेंब नव्हता, परागाचे एखाददुसरे घर होते, अंडे, अळी किंवा बंद कोष एकही नव्हता. कोषातून माश्या बाहेर पडल्यानंतर राहिलेली मोकळी घरे तेवढी दिसत होती. भाड्याचे घर झाडूनपुसून सोडावे तशी ती वसाहत निघून गेली होती.

हे पलायन होते. मेलिफेरा या मूळच्या युरोपीय जातीची माशी अन्न संपले तरी बहुधा पेटीतच राहते आणि तिथेच मरते. सातेरीचा स्वभाव वेगळा आहे. तिचा साठा मुळातच थोडा असतो आणि तो आटू लागला की ती राहते ठिकाण सोडण्याची तयारी करते. ही तयारी एका दिवसात होत नाही. आधी राणीचे अंडी घालणे कमी होते आणि मग थांबते. असलेली पिल्ले वाढवून बाहेर काढली जातात, उरलासुरला मध माश्या पोटात भरून घेतात, आणि एखाद्या उबदार दुपारी सगळी वसाहत राणीसह उडून जाते. सातेरीच्या कामकरी माशीला अंड्यापासून पूर्ण माशी होईपर्यंत सुमारे १९ ते २० दिवस लागतात. म्हणजे राणी थांबल्यापासून पेटी मोकळी होईपर्यंत माणसाच्या हातात साधारण तीन आठवडे असतात. भाच्याने शेवटची तपासणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केली होती. मधल्या सहा आठवड्यांत हा सगळा प्रकार सुरू होऊन संपूनही गेला, आणि त्याला ते कळण्याचा मार्गच नव्हता.

त्याने पेट्या का उघडल्या नाहीत, हे विचारल्यावर त्याने मोबाईलवर पाहिलेले सांगितले. हिवाळ्यात पेटी उघडू नये, माश्यांना शांत राहू द्यावे, असा तो सल्ला होता. तो खोटा नव्हे, पण तो बर्फाच्या मुलखातला आहे. तिथे महिनोन्‌महिने माशी बाहेर पडू शकत नाही, राणी अंडी घालणे जवळजवळ बंद करते, सगळी वसाहत घट्ट गोळा होऊन बसते आणि तिच्यासाठी पेटीत वीस-तीस किलो मध मागे ठेवलेला असतो. आपल्याकडे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठते हे खरे, परंतु त्याच दिवशी दुपारी खोऱ्यात अंगात स्वेटर नको वाटतो. आपली माशी हिवाळाभर उडते, पिल्ले वाढवते, म्हणजे रात्री ऊब राखण्यासाठी आणि दिवसा कामासाठी असा दुहेरी मध खर्च करते. बाहेरून मिळकत बेताची आणि घरात खर्च चालू, अशी ही स्थिती असते. अशा हिवाळ्यात सहा आठवडे न पाहणे म्हणजे माशीला शांतता देणे नव्हे.

याहून मोठी चूक ऑक्टोबरमध्ये झाली होती आणि ती सांगताना भाच्याचा आवाज खाली गेला. पावसाळ्यानंतरचा मध काढताना त्याने वरच्या मधकोठ्या तर रिकाम्या केल्याच, पण चार पेट्यांत खालच्या, पिल्लांच्या कोठीतल्या चौकटींचाही वरचा मधाचा पट्टा कापून घेतला. पिल्लांच्या पोळ्यावर कमानीसारखा असलेला तो पट्टा हे सातेरीचे घरखर्चाचे धान्य असते. योगायोगाने, किंवा योगायोगाने नव्हे, स्ट्रॉबेरीजवळ नेलेल्या पेट्या नेमक्या त्याच चार होत्या. “तिथं फुलं आहेत, मिळवतील, असं वाटलं,” तो म्हणाला. स्ट्रॉबेरीच्या फुलातून माशीला पराग मिळतो, मकरंद मात्र फारसा मिळत नाही. शिवाय रात्रीची गार, जड हवा उतारावरून घसरून ओढ्याच्या खळग्यात साठते, आणि तिथले धुकेही सगळ्यात शेवटी उठते. उतारावरच्या माश्या सकाळी कामाला लागल्या तरी ओढ्याजवळच्या माश्या तासभर दारातच बसून असत, हे वहिनींनी आधीच पाहिले होते. त्यांनी ते बोलूनही दाखवले होते, पण कोणी मनावर घेतले नव्हते.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्या घाटमाथ्याच्या पट्ट्यात पावसाळा हा माश्यांचा उपाशी काळ आहे, हे पेटी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. जून ते सप्टेंबर साखरेचा पाक दिला जातो. भाच्यानेही तो नेमाने दिला होता. पावसाळा संपला, रान फुलले, की चारणीचा प्रश्न संपला असे गृहीत धरले जाते. ज्या वर्षी कारवी किंवा व्हायटी ही काही वर्षांतून एकदाच फुलणारी झुडपे भरात असतात त्या वर्षी ते खरेही ठरते. पण कारवीला फुलायला आठ वर्षे लागतात. मधल्या सामान्य वर्षांत डिसेंबर-जानेवारीची पोकळी राहते, आणि ती उघड्या निळ्या आकाशाखाली असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही.

दुपारी बारा ते तीन या वेळात आम्ही उरलेल्या आठ पेट्या उघडल्या. प्रत्येकीला पाच मिनिटांहून कमी वेळ दिला. आधी तळपाट पाहिले, कारण तळपाटावरचा कचरा बरेच सांगतो. मेणाचा बारीक फिकट भुगा सरळ रेघांत पडलेला असेल तर त्याच्या वरच्या पोळ्यांत माश्या मधाची झाकणे उघडून खात आहेत, आणि रेघा जितक्या तितक्या फटींत वसाहत बसलेली आहे. अर्धवट वाढलेल्या अळ्या बाहेर टाकलेल्या दिसल्या तर अन्नाची टंचाई गंभीर आहे. काळसर बारीक लेंड्या आणि जाळी दिसली तर मेणकिडा शिरला आहे. यानंतर मधल्या दोन चौकटी उचलून घरांच्या तळाशी उभी अंडी आहेत का, एवढेच पाहायचे. अंडी दिसली की राणी शोधत बसायची गरज नसते.

उतारावरच्या सहांपैकी पाच पेट्यांत अंडी होती, परंतु मध दोन चौकटींवर बोटभर रुंदीचाच उरला होता. सहाव्या पेटीत एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी वेडीवाकडी चिकटवलेली आणि कामकरी माशीच्या घरांवर नराच्या कोषांसारखी फुगीर झाकणे होती. राणी जाऊन बराच काळ लोटला होता आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या होत्या. ओढ्याजवळच्या उरलेल्या दोनपैकी एकीत मेणकिड्याने तीन चौकटी पोखरल्या होत्या आणि माश्या दोन चौकटींपुरत्या राहिल्या होत्या. दुसऱ्या पेटीकडे मात्र आम्ही दोघेही थोडा वेळ पाहतच राहिलो. राणी डोळ्यांसमोर फिरत होती, माश्या भरपूर होत्या, पण अंडे नाही, अळी नाही; फक्त मूठभर बंद कोष उरलेले होते. ही पेटी चार-आठ दिवसांत उडणार होती.

भाच्याने लगेच विचारले, “दाराला राणीजाळी लावू का? राणी अडली की बाकीच्या जाणार नाहीत.” राणीजाळी दोन-चार दिवसांपुरती उपयोगी पडते, हे खरे आहे. परंतु नुसती जाळी लावून आत अन्न नसेल तर आपण माशीची निघून जाण्याची वाट तेवढी बंद करतो आणि उपासमार तशीच ठेवतो. आम्ही जाळी लावली, पण पाकाची वाटी आत ठेवल्यानंतर लावली आणि चौथ्या दिवशी काढली.

पाक वहिनींनी केला. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवले आणि मग साखर घालून ढवळली. साखर पाण्यासोबत आटवत ठेवली तर ती करपते आणि करपलेली साखर माशीला पचत नाही. त्यांनी गुळाचे विचारले होते, कारण गूळ घरचा होता. गुळातले क्षार आणि इतर घटक माशीच्या पोटात साठतात, आणि थंडीत बाहेर पडता न आल्यामुळे तिला हगवण लागते. म्हणून पांढरी साखरच घ्यावी. बाजारातला किंवा दुसऱ्याच्या पेटीतला मध तर अजिबात देऊ नये, त्यातून पिल्लांचे रोग येतात. निघायच्या तयारीतल्या पेटीसाठी एक किलो साखरेला एक लिटर पाणी असा पातळ पाक केला. तो मकरंदासारखा वाटतो, त्यामुळे राणीला अंडी घालण्याची चालना मिळते. अंडी असलेल्या पाच पेट्यांना मात्र दोन किलो साखरेला एक लिटर पाणी असा घट्ट पाक दिला, कारण त्यांना साठ्याची गरज होती आणि पातळ पाकातले पाणी उडवायला थंडीत माश्यांची ऊब खर्ची पडते. पाक नारळाच्या करवंटीत ओतून वर गवताच्या काड्या टाकल्या, म्हणजे माश्या त्यांवर बसून पितात आणि बुडत नाहीत. प्रत्येक पेटीला एका वेळी सुमारे २०० मिलिलिटर पाक दिला. एका रात्रीत संपेल एवढाच द्यावा, कारण उरलेला पाक आंबतो आणि मुंग्या आणतो. स्टँडच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या कोरड्या पडल्या होत्या, त्याही भरून घेतल्या.

इथे माझ्या हातून एक चूक झाली आणि ती नोंदवणे आवश्यक आहे. मला संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून आम्ही पाच वाजताच, अजून ऊन असताना, सगळ्या पेट्यांत वाट्या ठेवल्या. घाईत एका झाकणावर थोडा पाक सांडला. राणी नसलेल्या पेटीचे दार पूर्ण उघडे राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वहिनींचा फोन आला, “वन्सं, सहा नंबरच्या पेटीसमोर माश्या एकमेकींना लोळवतायत.” लूट सुरू झाली होती. माशीला उजेड असताना पाकाचा वास लागला की ती शोधत फिरते, आणि राणी नसलेली वसाहत दार राखण्यात ढिली असते. फोनवरूनच मी सांगितले की दार एका माशीपुरते ठेवावे, ओले फडके पेटीवर टाकावे आणि सांडलेला पाक पाण्याने धुऊन काढावा. संध्याकाळपर्यंत लूट थांबली, पण त्या पेटीतल्या बऱ्याच माश्या मेल्या होत्या. त्यानंतर पाक कायम सूर्य मावळल्यावर दिला गेला आणि पाकाच्या दिवसांत सगळ्याच पेट्यांची दारे लहान ठेवली गेली.

राणी नसलेल्या पेटीतल्या उरलेल्या माश्या तिसऱ्या दिवशी रात्री सगळ्यात जोमदार पेटीत मिसळल्या. मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद ठेवून त्याला टाचणीने काही छिद्रे पाडली. कागद कुरतडून होईपर्यंत दोन्हीकडच्या माश्यांचा वास एक होतो आणि भांडण होत नाही. अंडी घालणाऱ्या कामकरी माश्या असलेली वसाहत दुबळ्या पेटीत मिसळू नये. त्या तिथल्या राणीला मारू शकतात. मेणकिडा लागलेल्या तीन चौकटी जाळल्या आणि माश्या उरलेल्या दोन चौकटींवर मधोमध आणून बाजूला लाकडी फळी घालून जागा लहान केली.

ओढ्याजवळच्या दोन पेट्या वर आणणे हे सगळ्यात किचकट काम होते. पेटी दोनशे मीटर हलवली तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात आणि रात्रीच्या थंडीत तिथे मरतात. सातेरीचा फेरा साधारण एक-दीड किलोमीटरचा असतो, म्हणून दोन्ही पेट्या रात्री दारे जाळीने बंद करून तीन किलोमीटरवरच्या एका नातेवाइकांच्या शेतात ठेवल्या आणि दोन आठवड्यांनी तिथून उतारावर आणल्या. उतारावर त्यांची तोंडे पूर्वेकडे केली, म्हणजे पहिले ऊन दारावर पडते.

निघायच्या तयारीतल्या पेटीत दहाव्या दिवशी अंडी दिसली. भाच्याने त्या चौकटीचा फोटो पाठवला आणि खाली काहीही लिहिले नाही. मेणकिड्याची पेटी मात्र वाचली नाही. पाक देऊनही माश्या वाढल्या नाहीत, आणि जानेवारीच्या मध्यात त्याही निघून गेल्या. माझ्या मते ती पेटी आम्ही पहिल्याच दिवशी दुसऱ्या वसाहतीत मिसळायला हवी होती. दोन चौकटींच्या माश्या जानेवारीच्या रात्री स्वतःला ऊब देऊ शकत नाहीत, कितीही पाक दिला तरी. एकूण दहांपैकी सहा वसाहती राहिल्या.

पुढच्या सात आठवड्यांत दर पंधरा दिवसांनी तपासणी झाली. तीन आठवड्यांच्या आत एकदा पाहिलेच पाहिजे, म्हणून पंधरा दिवस धरले. मधल्या काळात झाकण उघडायचे नाही, फक्त पेटीच्या मागच्या बाजूला हुक-काटा लावून ती जराशी उचलायची आणि वजनाचा आकडा पेटीवर खडूने लिहायचा. तुलनेसाठी बांधलेली पोळी असलेली एक रिकामी पेटी शेजारीच ठेवली होती. ज्या पेटीचा आकडा दोन वेळा सलग उतरला तिलाच पाक मिळे. सगळ्यांना सारखे वाढायची सवय मोडणे भाच्याला जड गेले, पण जिला गरज नाही तिला पाक दिला तर पिल्लांच्या जागी पाक साठतो आणि राणीला अंडी घालायला घरे उरत नाहीत. सकाळी दहा वाजता वहिनी प्रत्येक दारासमोर थोडा वेळ उभ्या राहून पायांवर परागाचे गोळे घेऊन येणाऱ्या माश्या पाहत. पराग येतो आहे म्हणजे आत अळ्या आहेत. दोन पेट्यांत पराग कमी दिसला तेव्हा भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे बारीक पीठ आणि पिठीसाखर घट्ट पाकात मळून त्याची चपटी वडी चौकटींवर ठेवली. एकीने ती खाल्ली, दुसरीने तिला तोंड लावले नाही. त्या पेटीला घरामागच्या शेवग्याचा ताजा पराग पुरला असावा.

फेब्रुवारीत सावर आणि पांगारा फुलले, पेट्यांचे आकडे आपोआप चढू लागले आणि पाक पूर्ण थांबवला. भाच्याला लगेच मधकोठ्या चढवायच्या होत्या. मी त्याला थांबवले. खालच्या कोठीत अजून पाकाचा साठा होता, आणि माश्या जागा करण्यासाठी तो वर हलवतात. वरच्या कोठीत गेलेला पाक माशीने झाकून ठेवला तरी मध होत नाही. प्रयोगशाळेत कार्बनच्या समस्थानिकांवरून उसाची साखर ओळखता येते, पण परीक्षा होवो न होवो, गिऱ्हाइकाला मध म्हणून पाक देणे ही फसवणूक आहे. जांभळाला कळ्या दिसेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, आम्ही वाट पाहिली. तोवर खालचा पाक पिल्लांच्या पोषणात संपला होता. मग चार जोमदार पेट्यांवर मधकोठ्या चढल्या. उरलेल्या दोन तशाच ठेवल्या.

मे महिन्यात हिरड्याचा मध काढला तेव्हा भाच्याने खालच्या कोठीला सुरी लावली नाही. वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दसऱ्यानंतरच्या तारखांना पंधरा-पंधरा दिवसांनी लाल खुणा करून ठेवल्या आहेत, आणि पहिल्या खुणेसमोर दहापैकी सहा पेट्यांचे नंबर लिहिले आहेत.